मन मोकळं करायची जागा

(गणेशोत्सवात चौथ्या दिवशी संध्याकाळच्या आरतीनंतर झालेल्या व्याख्यानाचा हा मजकूर. ध्वनिमुद्रणावरून उतरवून वक्त्यांनी स्वतः तपासून दिला आहे. – संपादक मंडळ)



चौथ्या दिवशी आरोग्यावर व्याख्यान ठेवायची आपल्या मंडळाची जुनी प्रथा आहे. मधुमेह झाला, गुडघे झाले, गेल्या वर्षी हृदय झालं. यंदा मनाचा नंबर लागला. चिटणीसांनी मला फोनवर बजावलं, "ताई, फार जड बोलू नका, नंतर अंताक्षरी आहे." मी प्रयत्न करीन. पण मन ही वस्तूच जरा जड आहे, त्याला माझा इलाज नाही.

मी या शहरात गेली सत्तावीस वर्षं मनोविश्लेषणाच्या पद्धतीनं काम करते. लोक मला विचारतात, "म्हणजे तुम्ही नक्की काय करता?" मी सांगते, "ऐकते." त्यावर पुढचा प्रश्न ठरलेला: "आणि त्याचे पैसे घेता?" हो, घेते. का घेते, ते पुढे सांगेन.

पारशीबागान लेनमधलं घर

मनोविश्लेषण म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर व्हिएन्ना, दाढीवाला फ्रॉइड आणि त्याचा तो गालिचा घातलेला कोच येतो. हे सगळं परदेशी खूळ आहे, आपल्याला काय त्याचं, असं वाटतं. पण भारतातलं याचं माहेर कुठे आहे ठाऊक आहे? इथेच. राजाबाजारच्या सायन्स कॉलेजजवळ पारशीबागान लेन आहे. तिथल्या १४ नंबरच्या घरात १९२२ साली भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन झाली. पॅरिसमध्ये अशी संस्था निघाली ती १९२६ साली. म्हणजे कलकत्ता पॅरिसच्या चार वर्षं पुढे होतं.

हे करणारे गृहस्थ म्हणजे डॉ. गिरींद्रशेखर बोस. जन्म १८८७ चा, वडील दरभंगा संस्थानचे दिवाण. कलकत्ता मेडिकल कॉलेजातून १९१० साली डॉक्टर झाले. तरुणपणी त्यांना जादूचे प्रयोग आणि संमोहन यांचा नाद होता. मनाच्या तक्रारी घेऊन येणाऱ्या रुग्णांवर त्यांनी सुरुवातीला संमोहनाचेच प्रयोग केले. मग फ्रॉइडचे विचार इंग्रजीतून त्यांच्या वाचनात आले, आणि आपण चाचपडत ज्या वाटेवर आहोत त्याच वाटेवर दूर कुणीतरी चालतो आहे, हे त्यांच्या ध्यानात आलं. दवाखाना सांभाळून ते कलकत्ता विद्यापीठात मानसशास्त्र शिकले, १९२१ साली 'दमनाची संकल्पना' या विषयावर डॉक्टरेट मिळवली आणि तो प्रबंध फ्रॉइडला पाठवून दिला. फ्रॉइडचं उत्तर आलं. तेव्हा सुरू झालेला पत्रव्यवहार १९३७ पर्यंत चालला. दोघांची भेट मात्र कधीच झाली नाही.

गंमत अशी, की फ्रॉइडचा फोटोही पाहिलेला नसताना बोसांनी एका चित्रकाराकडून त्याचं कल्पनाचित्र काढून घेतलं आणि त्यालाच पाठवलं! फ्रॉइडनं कळवलं, चित्र फार छान आहे, मूळ माणसापेक्षा कितीतरी छान. आणि सोबत स्वतःचा खरा फोटो धाडला.

१९३१ साली फ्रॉइड पंचाहत्तर वर्षांचा झाला, तेव्हा इथल्या मंडळींनी त्याला हस्तिदंती विष्णूची मूर्ती भेट पाठवली. ती त्यानं आपल्या लिहायच्या टेबलावर ठेवली. पुढे त्या मूर्तीला बारीक तडे गेले. तेव्हा त्यानं नोंद केली, की कलकत्त्याची सवय असलेल्या देवाला व्हिएन्नाची हवा मानवत नाही की काय! १९३८ साली नाझींमुळे फ्रॉइडलाच व्हिएन्ना सोडावी लागली, आणि देव त्याच्याबरोबर लंडनला गेला. आपण सगळेच इथे आपापला देव घेऊन आलेली माणसं आहोत. त्यामुळे मला ही गोष्ट फार आवडते.

गिरींद्रशेखरांचे थोरले बंधू राजशेखर बोस. 'परशुराम' या नावानं विनोदी कथा लिहिणारे, 'चलंतिका' हा बंगाली शब्दकोश करणारे. त्या घरात मोठा अड्डा जमायचा. स्वतः गिरींद्रशेखरांनीही स्वप्नांवर बंगालीत पुस्तक लिहिलं, पुराणांवर लिहिलं, गीतेवर लिहिलं, आणि मुलांसाठी लाल आणि काळ्या मुंग्यांची गोष्टसुद्धा लिहिली. म्हणजे हे शास्त्र इथे आलं ते कोट-टाय घालून आलं नाही, धोतर नेसून आलं. त्यांच्या रुग्णांसाठी व्हिएन्नासारखा कोच नव्हता, साधी कापडी आरामखुर्ची होती.

१९३३ साली त्यांनी कारमायकेल मेडिकल कॉलेजात, म्हणजे आजच्या आर. जी. कर रुग्णालयात, मनोविकारांचा बाह्यरुग्ण विभाग सुरू केला. सर्वसाधारण रुग्णालयातला असा हा देशातला पहिला विभाग मानला जातो. त्याआधी मन बिघडलं की वेड्यांच्या इस्पितळाची भिंत, नाहीतर देवऋषी. सर्दी-खोकल्याच्या रांगेशेजारी मनाचीही रांग लागू शकते, हे त्यांनी करून दाखवलं. १९४० साली तिलजला भागात 'लुंबिनी पार्क' हे मनोरुग्णालय निघालं. पुढे ते सरकारकडे गेलं. बोस १९५३ साली वारले. तोवर संस्थेचे अध्यक्ष तेच होते.

फ्रॉइडचं सगळंच त्यांनी मान तुकवून स्वीकारलं नाही, हे मुद्दाम सांगते. त्यांचं म्हणणं असं, की मनातली प्रत्येक इच्छा जोडीनं येते. मारावंसं वाटतं तिथे मार खावासाही वाटत असतो, सोडून जावंसं वाटतं तिथे कुणी आपल्याला अडवावं असंही वाटत असतं. त्यातली एक आपण दडपतो आणि मग दुसरी आपल्या मानगुटीवर बसते. म्हणून ते रुग्णाला दोन्ही बाजूंनी कल्पना करायला लावत. आधी रागावलेला मुलगा व्हा, मग ज्याच्यावर रागावलात तो बाप व्हा. भारतीय रुग्णांच्या मनाची ठेवण युरोपीय रुग्णांहून काही बाबतींत निराळी दिसते, असंही त्यांनी फ्रॉइडला निर्भीडपणे कळवलं होतं.

खोलीत काय चालतं

आता आजच्या कामाकडे येते. आधी एक गोंधळ दूर करू. सायकियाट्रिस्ट म्हणजे मनोविकारतज्ज्ञ. ते एमबीबीएस होऊन पुढे शिकलेले डॉक्टर असतात, औषध देतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट चाचण्या घेतात, बोलून उपचार करतात. मनोविश्लेषक या दोघांपैकी कुणीही असू शकतो, पण त्यानं एक वेगळं, लांबलचक शिक्षण घेतलेलं असतं. त्या शिक्षणातली मुख्य अट अशी, की दुसऱ्याला ऐकण्याआधी स्वतः वर्षानुवर्षं रुग्णाच्या जागी बसायचं. म्हणजे न्हाव्यानं आधी आपलं डोकं दुसऱ्या न्हाव्याच्या हातात द्यायचं!

माझी खोली उत्तर कोलकात्यात तिसऱ्या मजल्यावर आहे. एक कोच, त्याच्या मागे माझी खुर्ची, वर एक कुरकुरणारा पंखा. रुग्णाला मी दिसत नाही. समोरच्याच्या चेहऱ्यावर आठी पडली का, हे बघतच आपण आयुष्यभर बोलत असतो. तेवढी एक तपासणी इथे नसते. वेळ ठरलेली: पन्नास मिनिटं. नियम एकच: मनात येईल ते बोलायचं. फालतू वाटलं तरी, लाज वाटली तरी, माझ्याबद्दल वाईट असलं तरी.

सोपं वाटतं ना? घरी जाऊन दहा मिनिटं करून बघा. तिसऱ्या मिनिटाला मन म्हणेल, "हे कशाला सांगायचं?" जिथे ते असं म्हणतं, बरोबर तिथेच काहीतरी पुरलेलं असतं.

शास्त्रोक्त पद्धतीत आठवड्यातून चार-पाच वेळा यायचं असतं. पण सोनारपूरहून लोकलनं येणाऱ्याला, आयटी कंपनीत रात्रपाळी करणाऱ्याला ते कसं जमणार? बहुतेक जण आठवड्यातून एकदा किंवा दोनदा येतात. २०२० च्या टाळेबंदीत तर खोलीच बंद झाली आणि काम फोनवर आलं. तेव्हा कळलं, की या एवढ्या मोठ्या शहरात माणसाला रडायला जागा नाही. कुणी गच्चीवर पाण्याच्या टाकीआड उभं राहून बोलायचं, कुणी खाली उभ्या असलेल्या गाडीत काचा वर करून. एक बाई न्हाणीघरात नळ सोडून बोलायच्या. माझ्या कानात अर्ध्या तासाच्या बोलण्यापेक्षा ते पाणीच जास्त राहिलं आहे.

आता पैशांचं. मी फी घेते, आणि न सांगता गैरहजर राहिलात तर त्या वेळेचीही घेते. यात माझं पोट आहेच, ते नाकारत नाही. पण आणखीही एक कारण आहे. फुकट ऐकणाऱ्याचे उपकार होतात, आणि उपकार करणाऱ्यावर चिडता येत नाही. माझ्याकडे माणसाला चिडायची मुभा पाहिजे. ज्याला झेपत नाही त्याची फी कमी करते, पण ती किती हे आम्ही दोघं बोलून ठरवतो.

मी सल्ला देत नाही. "नोकरी सोडू का?" "नवऱ्याला सांगू का?" याचं उत्तर माझ्याकडे नसतं. सल्ला देणाऱ्यांची आपल्या समाजात कधी टंचाई होती का?

गिळलेले शब्द

आपल्या मराठीत या शास्त्राचा अर्धा पाठ आधीच आहे, हे मला इथे काम करताना उमगलं. आपण म्हणतो, राग गिळला. आवंढा गिळला. मन मारलं. गोष्ट मनात ठेवली. आणि ताणाला आपण काय म्हणतो? दडपण! दडपून टाकलेली गोष्टच पुढे दडपण होऊन छातीवर बसते, हे फ्रॉइड वाचला नसतानाही आपल्या आज्यांना ठाऊक होतं. रामदासांनी थेट मनाशी बोलत २०५ श्लोक लिहिले. बहिणाबाईंची मनावरची कविता तुमच्यापैकी निम्म्यांना पाठ असेल. मनाशी बोलायची आपल्याला सवय आहे. मनाला बोलू द्यायची मात्र कमी.

परभाषेत राहणाऱ्यांचं आणखी एक असतं. बंगालीत 'अभिमान' म्हणजे आपला गर्व नव्हे. अगदी जवळच्या माणसानं दुखावलं की जो रुसवा येतो, तो. परका दुखावतो तेव्हा राग येतो. अभिमान येतो तो फक्त आपल्या माणसाचा. माझ्याकडे येणारे मराठी लोक कधी मध्येच म्हणतात, "मॅडम, मला राग नाही आला, बंगालीत म्हणतात ना, तसा अभिमान झाला." एका भाषेत जे सापडत नाही ते दुसरीतून उचलावं लागतं. इथे वाढलेली आपली मुलं भांडतात बंगालीत, हिशेब करतात इंग्रजीत, पण ठेच लागली की "आई गं" निघतं. माणूस कोचावर झोपून बंगाली-इंग्रजीत छान व्यवस्थित बोलत असतो आणि अचानक मराठी वाक्य येतं. मी तिथे कान टवकारते.

आणि भीती तर भाषेतूनच पाजली जाते. या शहरातल्या पिढ्यान्‌पिढ्या ज्या अंगाईवर झोपल्या तिच्यात 'बर्गी' येतात. बर्गी म्हणजे कोण? आपले बारगीर! १७४० च्या दशकातल्या मराठ्यांच्या स्वाऱ्या अडीचशेहून अधिक वर्षांनीही पाळण्यापाशी शिल्लक आहेत. लढाई ज्यांनी पाहिली नाही त्यांच्याही उशाशी ती भीती येते. घराण्यातल्या न बोललेल्या गोष्टींचं नेमकं असंच होतं.

बंद दार

एक उदाहरण देते. हे कुणा एका माणसाचं नाही. अनेकांचे धागे घेऊन मुद्दाम विणलेलं आहे. तुमच्या शेजारी बसलेल्यांकडे बघू नका!

समजा एक इंजिनियर आहेत, पंचेचाळिशीचे. बदलीवर इथे आले. रोज संध्याकाळी दिवेलागणीला छातीत धडधड, घाम, आता मरतो असं वाटणं. ईसीजी झाला, इको झाला, थायरॉइड झाला, सगळं नॉर्मल. शेवटी त्यांच्याच डॉक्टरांनी माझ्याकडे पाठवलं. पहिला प्रश्न: "किती सिटिंग लागतील?" तीन महिने ते फक्त साहेबाबद्दल बोलले. वेळेवर यायचे, वेळेवर जायचे, कधी तक्रार नाही. पूजेच्या सुट्टीत मी तीन आठवडे खोली बंद ठेवणार, असं सांगितलं. म्हणाले, "अवश्य जा मॅडम, मजा करा."

सुट्टीनंतर दोन वेळा आलेच नाहीत. तिसऱ्यांदा वीस मिनिटं उशिरा आले, ट्रॅफिकला नावं ठेवली, मग माझ्या पंख्याला ठेवली. मी म्हटलं, "पंख्याबरोबर माझाही राग आला असेल." बराच वेळ शांतता. मग एकदम मराठीत म्हणाले, "तुम्हाला काय, तुम्ही दार लावून निघून गेलात."

हे दार माझं नव्हतं. अकराव्या वर्षी त्यांना शिकायला वसतिगृहात ठेवलं होतं. वडील पोचवायला आले, फॉर्म भरला आणि संध्याकाळची गाडी गाठायला निघून गेले. घरच्यांनी पोटाला चिमटा घेऊन शिकवलं, मग त्यांच्यावर रागवायचं कसं? तो राग चौतीस वर्षं गिळलेला होता, आणि तो आता माझ्यावर निघाला. यालाच आमच्या शास्त्रात संक्रमण म्हणतात. जुनं नातं नव्या माणसावर उमटतं, आणि उमटलं की पहिल्यांदाच ते दोघांना मिळून बघता येतं.

पुढे काय झालं? चमत्कार झाला नाही. धडधड कमी झाली, अजून अधूनमधून होते. पण त्यांच्या मुलाला कोट्याला क्लासला पाठवायचं घरात ठरून गेलं होतं, ते त्यांनी थांबवलं आणि मुलाला समोर बसवून विचारलं, "तुला काय वाटतं?" मुलानं काय सांगितलं हा भाग वेगळा. विचारलं गेलं, हे महत्त्वाचं.

आता मी असं का म्हटलं, की ते दार माझं नव्हतं? कारण ते वाक्य ऐकताना माझ्याही पोटात गोळा आला होता. विश्लेषकानं आधी स्वतःचं विश्लेषण का करून घ्यायचं, याचं उत्तर इथे आहे. दुसऱ्याच्या दारात आपलं दार मिसळू नये म्हणून. माझ्या दाराची गोष्ट मी या सभागृहात आजवर सांगितली नव्हती. आज सांगते, कारण ती या मंडळाचीही आहे.

माझा एक धाकटा काका होता. भवानीपूरला आमच्याच घरी राहायचा, एका कंपनीत हिशेबनीस होता. आपल्या मंडळाचा जमाखर्चही तोच लिहायचा. १९७८ साली मी दहा वर्षांची असताना तो हळूहळू बोलेनासा झाला. रात्रभर जागा, दाढी वाढलेली, ऑफिस बंद. एक-दोन डॉक्टर झाले, मग घरात कुजबुज झाली आणि 'हवापालट' म्हणून त्याला सातारकडच्या आमच्या गावी पोचवलं. आम्हा मुलांना सांगितलं, कुणी विचारलं तर म्हणायचं, काका शेती बघायला गेलाय.

एका रविवारी त्याच्या ऑफिसातले एक बंगाली मित्र आले. दार मी उघडलं. हातात संदेशाचा पुडा होता. त्यांनी विचारलं, तो कसा आहे? मी पढवलेलं उत्तर दिलं: "देशे गेछेन." गावी गेलेत. त्यांनी पुन्हा विचारलं, "चिठ्ठी लिहू का? पत्ता देशील?" आणि मी दार लावून घेतलं.

काका परत आला नाही. आठ वर्षांनी तिथेच गेला. या सगळ्या काळात त्याला ऑफिसातलं किंवा मंडळातलं कुणाचं पत्र आलं नाही, कारण पत्ताच कुणाकडे नव्हता. बाबांना दोष द्यावा तर घरात तीन मुली होत्या, त्यांची लग्नं व्हायची होती. 'घराण्यात वेड आहे' एवढे शब्द पुरे होते. मी बाबांवर पुष्कळ वर्षं रागावले होते. स्वतः कोचावर झोपले तेव्हा चौथ्या वर्षी कळलं, की त्या रागाखाली दुसरंच काही होतं. दार बाबांनी नाही, मी लावलं होतं. दहा वर्षांच्या मुलीचा त्यात काय दोष, हे मला कुणीही सांगितलं असतं. पण ते ऐकून उपयोग नसतो. ते आधी मोठ्यानं बोलावं लागतं, आणि समोरच्यानं लगेच "जाऊ दे गं" न म्हणता ऐकावं लागतं.

मर्यादा आणि मदत

या पद्धतीची जाहिरात करायला मी आलेले नाही. ती लांबते, खर्चिक आहे, आणि फ्रॉइडच्या अनेक कल्पना, विशेषतः बायकांबद्दलच्या, आज कुणी जशाच्या तशा मानत नाही. भास होत असतील, झोप-जेवण सुटलं असेल, जिवाचं बरंवाईट करायचे विचार येत असतील, तर आधी मनोविकारतज्ज्ञ आणि औषध. मधुमेहाला इन्शुलिन घेताना आपण लाजत नाही, इथेही लाजू नये. काही त्रासांना कमी मुदतीचे, नेमके उपचारही चांगले लागू पडतात. काकाला आज औषध मिळालं असतं, तर कदाचित तो त्या वह्या पुन्हा लिहायला बसला असता.

निम्हान्स संस्थेनं २०१५-१६ मध्ये देशभर पाहणी केली. तीत प्रौढांपैकी साधारण १० टक्क्यांना कुठला ना कुठला मनोविकार आढळला, आणि महानगरांत हे प्रमाण अधिक होतं. विकारागणिक ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचतच नव्हते. २०१७ च्या कायद्यानं मानसिक उपचार हा हक्क ठरवला. आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरायचं, त्याला शिक्षेऐवजी मदत द्यायची, हेही त्यातच आलं. २०२२ पासून 'टेलि-मानस' ही सरकारी दूरध्वनी सेवा आहे. क्रमांक १४४१६, दिवसरात्र, विनामूल्य. हा आकडा आरतीच्या पुस्तिकेच्या मागच्या पानावर छापा, अशी माझी चिटणीसांना जाहीर विनंती आहे.

मराठी लोक माझ्याकडे यायला कचरतात, ते मला ठाऊक आहे. "उद्या आरतीला भेटलात तर?" भेटले तर प्रसाद घेईन आणि घरी जाईन. खोलीतलं खोलीत राहतं. माझ्याकडे यायचंच असंही नाही, दुसऱ्या कुणाकडे जा. पण जा.

आणि शेवटचं. सगळ्यांनी काही मनोविश्लेषक व्हायची गरज नाही. दरवर्षी येणारं एखादं कुटुंब यंदा दिसलं नाही, मोदकांच्या पाळीतली एखादी वहिनी सलग दोन वर्षं "बरं नाही" सांगते आहे, एखादा तरुण ढोलपथकातून न सांगता गळाला, तर त्यांच्या दाराशी जा. दार लावून घेतलं तरी पुन्हा जा. त्या बंगाली गृहस्थांनी पुन्हा एकदा घंटी वाजवायला हवी होती, असं मला अजून वाटतं.

गेल्या आठवड्यात मंडळाच्या कपाटातल्या जुन्या जमाखर्चाच्या वह्या मी मागून घेतल्या. १९७७ ची सगळी वही काकाच्या अक्षरात आहे. विसर्जनाच्या ट्रकचं भाडं, हमाली, नारळ, कापूर, सगळं पैशापर्यंत जुळवलेलं, खाली सही. १९७८ च्या वहीत अक्षर बदललं आहे. का बदललं, हे त्या वर्षी या मंडळात कुणी विचारलं होतं का, मला माहीत नाही. यापुढे मात्र अक्षर बदललं की विचारा.

आपण सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलंत. माझ्या धंद्यात याची किंमत मला चांगली कळते. अंताक्षरीला उशीर केल्याबद्दल माफी मागते.

गणपती बाप्पा मोरया!